कॉलेजात टच पॅनेल, सराव शाळेत प्रोजेक्टर: नेमकं काय शिकून घ्यावं?

नवशिकी_गणितविज्ञान

बी.एड. पहिलं वर्ष, पुणे, मराठी माध्यम. अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान. कॉलेजच्या आयसीटी प्रयोगशाळेत ६५ इंची टच पॅनेल आहे, सूक्ष्म अध्यापनाचे (एकेका कौशल्याच्या सरावाचे छोटे) पाठ त्यावरच चालू आहेत. पुढच्या महिन्यात छात्रसेवाकालासाठी (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी) मिळालेल्या शाळेत पॅनेल नाही. एकच प्रोजेक्टर आहे, तो वर्गावर्गात फिरतो. इंटरनेट फक्त कार्यालयात. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. आठवीला धाराविद्युत आणि नववीला त्रिकोण असे घटक आले आहेत.

अडचणी अशा: पॅनेलला लॅपटॉप जोडला की चित्र दिसतं, पण बोटाने काही हलत नाही. घरी केलेली मराठी पीपीटी दुसऱ्या संगणकावर उघडली की काही स्लाइडवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आणि पाठ टाचणावर शेरा आला आहे, "साधन दाखवले, वापरले नाही." हा तिसरा मुद्दा सगळ्यात जास्त खटकतोय, कारण टाचणात साधनाचा रकाना तर भरलेला होता. मुलांकडे फोन नसतात, मग त्यांना कळलं की नाही हे तंत्रज्ञानाने कसं तपासायचं?

वायर_आणि_वर्ग

स्पर्शाचं आधी, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज पॅनेलकडे नेते, पण बोटाचा स्पर्श लॅपटॉपकडे परत आणत नाही. त्यासाठी वेगळी यूएसबी केबल लागते. तिचं एक टोक नेहमीचं चपटं, दुसरं चौकोनी, प्रिंटरला असतं तसं. चौकोनी टोक पॅनेलवर "टच" लिहिलेल्या खाचेत जातं. बऱ्याच पॅनेलवर टच १ ची जोडी एचडीएमआय १ शी असते आणि टच २ ची एचडीएमआय २ शी. चित्र दोनमधून आणि स्पर्श एकमधून दिलात तर दोन्ही केबल चांगल्या असूनही पॅनेल मुकंच राहतं. केबल विकत घ्यायची झाली तर तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, कुठेही मिळेल, फक्त ५ मीटरपेक्षा लांब साधी यूएसबी केबल घेऊ नका. त्यापुढे स्पर्श तुटक होतो किंवा लॅपटॉप पॅनेलला ओळखतच नाही.

केबल बरोबर असूनही पॅनेलवर बोट ठेवलं की लॅपटॉपच्या पडद्यावर बाण हलत असेल, तर विंडोजने स्पर्श चुकीच्या पडद्याला जोडलाय. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबून "डुप्लिकेट" निवडा. "एक्स्टेंड"च हवं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या टॅब्लेट पीसी सेटिंग्जमध्ये "सेटअप" दाबून कोणता पडदा स्पर्शाचा ते सांगावं लागतं.

पॅनेल आपोआप रेघा मारायला लागलं तर ते बिघडलंय असं लगेच समजू नका. बहुतेक शालेय पॅनेलच्या चौकटीत अवरक्त किरणांचं जाळं असतं, आणि ते अडवणारी कोणतीही वस्तू त्याला बोटच वाटते. चौकटीच्या कडेला साचलेली खडूची भुकटी, चिकटवलेला कागद, ओढणीचं टोक, लांब बाही, काहीही. कोरड्या मऊ कापडाने चारही कडा पुसा.

आता प्रोजेक्टर. माझं स्पष्ट मत आहे की पुढचा महिना तुम्ही पॅनेलपेक्षा यावर घालवा. पॅनेल भिंतीवर तयार असतं, प्रोजेक्टर दर तासाला नव्याने उभा करावा लागतो. आधी शाळेत जाऊन त्याचा थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) बघा, माहितीपत्रकात असतो. तो १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी प्रोजेक्टर ३ मीटरवर ठेवावा लागेल. वर्गात ती जागा एकदा सापडली की टेबलाच्या पायांभोवती जमिनीवर खुणा करून ठेवा, दुसऱ्या दिवशीची पाच मिनिटं वाचतात. चित्र समलंब चौकोनासारखं दिसलं की लगेच कीस्टोन फिरवायचा मोह होतो, पण कीस्टोन चित्र आकसून सरळ करतो आणि अक्षरं पुसट होतात. त्याआधी प्रोजेक्टरच भिंतीच्या काटकोनात आणा. उरलेलं थोडं तिरकेपण कीस्टोनने काढा.

चित्र चकचकीत पांढऱ्या फळ्यावर पाडू नका. दिव्याचा झगमगता ठिपका नेमका मध्ये येतो आणि एका बाजूच्या बाकांना काहीच दिसत नाही. चुन्याची भिंत किंवा ताणून लावलेली पांढरी चादर बरी. वर्ग पूर्ण अंधारा केला तर मुलांना वहीत लिहिता येत नाही, म्हणून फक्त भिंतीजवळचे दिवे आणि खिडक्या बंद करा आणि स्लाइड फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरांची ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवरची पिवळी अक्षरं उजेडात वाहून जातात.

तास संपल्यावर घाईत प्लग ओढू नका. दिव्याच्या प्रोजेक्टरमध्ये बटण बंद केल्यावर पंखा एक-दोन मिनिटं फिरतो, तोवर दिवा थंड होतो. गरम दिव्यासकट तो उचलून दुसऱ्या वर्गात नेणं हे दिवा लवकर जायचं मोठं कारण. म्हणजे तुमच्या ३५ मिनिटांतली शेवटची तीन प्रोजेक्टरशिवायची धरा, गृहपाठ फळ्यावर लिहा.

एचडीएमआय जोडली की आवाजही प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे जातो. "आवाजच येत नाही" याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावरून आवाजाची दिशा बदला आणि तारेचा स्पीकर लावा. आणि हो, गुरुवारी तंत्रज्ञानाचा पाठ ठेवू नका. देखभालीसाठी वीज जायचा तो पुण्यातला नेहमीचा वार. ठेवावाच लागला तर तोच पाठ फळ्यावर कसा होईल ते टाचणाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

अक्षरओळख

पीपीटीचं कोडं जुनं आहे. तुमच्या काही स्लाइड युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) आहेत आणि काही कुठल्या तरी जुन्या नोट्समधून चिकटवलेल्या आहेत. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळून पडतो आणि आतलं इंग्रजी दिसतं. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, मजकूरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. रूपांतरकातून काढल्यावर दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा: पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. म्हणून चुका तिथेच होतात. "किरण"ची वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेलेली स्लाइड ५२ मुलांसमोर उघडली की तो तास वेलांटीचाच होतो.

नवीन मजकूर थेट युनिकोडमध्ये लिहा. इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला आठ-दहा दिवस रोज वीस मिनिटं पुरतात. मराठीचा खास "ऱ्य" अनेकांना सापडत नाही: शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. "चौकोनाच्या"ऐवजी "चौकोनाऱ्या", हे असले घोळ बोलून टाइप केल्यावर जास्त होतात, तेव्हा आवाजाने लिहिलेलं पुन्हा वाचल्याशिवाय स्लाइडवर नेऊ नका.

फॉन्ट निर्मला यूआय किंवा मुक्ता घ्या. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, पाठ्यपुस्तकात मुलं मराठी वळणाचे बघतात. आठवी-नववीला चालून जाईल, पण पुढे प्राथमिकला शिकवणार असाल तर हा फरक महत्त्वाचा, तिथे राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा वापरा. फाइल दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल तर पॉवरपॉइंटमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने जाऊन "एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल"वर खूण करा, आणि शेजारी पीडीएफ प्रतही ठेवा. पीडीएफमध्ये हालचाल जाते, पण अक्षर जागचं हलत नाही.

अक्षराचा आकार डोळ्याने ठरवू नका, गणित करा. नेहमीच्या रुंद स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते. ६५ इंची पॅनेलची उंची साधारण ८१ सेंटिमीटर. म्हणजे २४ पॉइंटच्या ओळीला पॅनेलवर ३.६ सेंटिमीटर मिळतात, त्यात वरचे मात्रा-रफार आणि खालचे उकार वगळले की मूळ अक्षराला त्याच्या निम्म्याच्या आसपासच उरतं. सात-आठ मीटरवरच्या शेवटच्या बाकाला ते पुरत नाही. ३६ पॉइंटला ५.४ सेंटिमीटर मिळतात, तिथे वाचता येतं. ३६ पॉइंटमध्ये एका स्लाइडवर सहा-सात ओळींवर मजकूर बसतच नाही, आणि ते चांगलंच आहे. प्रोजेक्टरच्या चित्राचा खालचा चौथा भाग मोकळा सोडा, पुढच्या बाकांवरच्या डोक्यांमागे तो झाकला जातो.

भूमितीचा_तास

शेऱ्याबद्दल लिहितो, कारण तो शेरा योग्य आहे आणि फार कमी लोक तो समजावून सांगतात. टाचणाच्या साधनाच्या रकान्यात "पीपीटी, व्हिडिओ" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की पडद्यावर काहीतरी दिसेल. मुलं तेव्हा काय करतील हे कळत नाही. प्रत्येक वेळी पडदा उजळण्याआधी मुलांनी वहीत एक अंदाज लिहिलेला असला पाहिजे, आणि पडदा बघून तो अंदाज बरोबर की चूक हे त्यांना स्वतः ठरवता आलं पाहिजे. टाचणात विद्यार्थी कृतीच्या रकान्यात तो अंदाजाचा प्रश्न शब्दशः लिहा. मग "वापरले नाही" असं कोणी म्हणणार नाही.

आठवीच्या धाराविद्युतचंच घ्या. फेट नावाची कोलोरॅडो विद्यापीठाची मोफत सिम्युलेशन्स आहेत, त्यातलं सर्किट जोडायचं डीसीचं सिम्युलेशन एचटीएमएल फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतं. शाळेत इंटरनेट नसलं तरी ब्राउझरमध्ये उघडतं. पण सुरुवात त्याने करू नका. आधी टेबलावर खरा सेल, तार, टॉर्चचा दिवा आणि कळ. मुलं स्वतः जोडतील, दिवा लागेल. जे डोळ्याला दिसत नाही, म्हणजे तारेतून काय वाहतं, तेवढ्यासाठी पडदा.

सिम्युलेशनमध्ये बॅटरी ९ व्होल्टची आणि दिवा १० ओहमचा मिळतो. एक दिवा जोडून अमीटर लावला की ०.९ अँपिअर. आता कळ उघडी ठेवून दुसरा दिवा एकसरीत जोडा आणि विचारा: दोन्ही दिव्यांमध्ये धारा किती? बरीच मुलं लिहितील की पहिल्यात जास्त, दुसऱ्यात कमी, कारण "पहिला थोडी वापरून टाकतो." कळ दाबा. अमीटर पहिल्या दिव्याआधी ०.४५, दोघांच्या मध्ये ०.४५, दुसऱ्यानंतरही ०.४५. इथे बोलू नका. मुलांना तीन आकडे वहीत उतरवून घेऊ द्या. धारा वापरली जाऊन संपत नाही, हे त्यांना त्या तीन सारख्या आकड्यांतून मिळतं, तुमच्या वाक्यातून नाही.

दोन ठिकाणी फसगत होते. सिम्युलेशन सुरुवातीला इलेक्ट्रॉन दाखवतं, त्यांची दिशा पुस्तकातल्या विद्युतधारेच्या बाणाच्या उलट असते. एखादं मूल हे नक्की विचारतं. आधी ठरवा: एकतर सुरू करतानाच "कन्व्हेन्शनल" निवडून ठेवा, किंवा तो फरकच पाठाचा भाग करा. मधेच बदलू नका. दुसरं, खऱ्या दिव्यांवर तोच प्रयोग केला तर धारा बरोबर अर्धी भरत नाही, कारण तापलेल्या तंतूचा रोध वाढतो आणि दिवा मंद झाला की कमी होतो. सिम्युलेशनमधल्या दिव्याचा रोध कायम धरलेला असतो. हे माहीत नसलं तर मुलांच्या खऱ्या मोजणीला तुम्ही चूक ठरवून बसाल.

नववीच्या त्रिकोणासाठी जिओजेब्रा संगणकावर आधीच बसवून घ्या, म्हणजे इंटरनेट लागत नाही. त्रिकोण एबीसी काढा, बीसी किरण पुढे वाढवून त्यावर डी बिंदू घ्या, बाह्यकोन एसीडी मोजा, दूरस्थ आंतरकोन (ए आणि बी) मोजा, मग ए बिंदू ओढत राहा. घोळ कोनांच्या मापात होतो. जिओजेब्रा कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतं. तुम्ही बिंदू उलट क्रमाने टिचकवले असतील तर ६०° च्या जागी ३००° दिसतील. ए बिंदू ओढताना पायाच्या खाली गेला तरी तसंच. कोनावर उजवी टिचकी, गुणधर्म, तिथे "०° ते १८०° दरम्यान" निवडा आणि हे प्रत्येक कोनाला करा.

दशांश किती ठेवायचे तेही आधी ठरवा. पूर्णांक ठेवलेत तर ४७.४°, ६२.४° आणि ७०.२° हे पडद्यावर ४७, ६२, ७० दिसतात आणि बेरीज १७९ येते. मागच्या बाकावरून कोणीतरी ती बेरीज करतंच. एक दशांश ठेवला तरी कधीकधी १८०.१ येईल, म्हणून आसन्न किमतीबद्दलचं एक वाक्य टाचणात असू द्या. आणि कितीही वेळा ए ओढला तरी ती सिद्धता नव्हे. शंभर त्रिकोणांत खरं दिसलं म्हणून सगळ्यांत खरं ठरत नाही, सिद्धता खडूने फळ्यावरच करा. सिद्धता लिहिताना पडदा बंद हवा, नाहीतर मुलं फळ्याकडे बघत नाहीत. पॉवरपॉइंट चालू असेल तर बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा बी दाबलं की परत येतो. जिओजेब्रात ती सोय नाही, तिथे प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं ब्लँक किंवा म्यूटचं बटण शोधून ठेवा.

सूक्ष्म अध्यापनाचं चक्र ३६ मिनिटांचं असतं: ६ अध्यापन, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुनर्अध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण. त्यातल्या एका चक्रात विषय शिकवूच नका. लॅपटॉप बंद, केबल पिशवीत, अशा अवस्थेतून पहिली स्लाइड नीट दिसेपर्यंतची ६ मिनिटं आणि त्याच वेळी वर्गाशी प्रश्नोत्तरं चालू ठेवणं, एवढंच कौशल्य घ्या. मार्गदर्शकांना आधी सांगून ठेवा, बहुतेक मान्य करतात.

नवशिकी_गणितविज्ञान

चौकोनी तोंडाची केबल कॉलेजच्या कपाटातच होती, पाकिटासकट. स्पर्श चालू झाला. सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या नोट्सच्या स्लाइड पुन्हा टाइप करायला घेतल्या आहेत. मूल्यमापनाचं मात्र राहिलं: ५२ मुलं, फोन नाहीत, वर्गात नेट नाही.

उत्तरपत्रिका

यासाठी प्लिकर्स हे फोनवरचं ॲप बघा. मुलाच्या हातात फक्त एक छापील कार्ड, त्यावर काळा चौकडीचा आकार. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय, मूल आपलं उत्तर वरच्या बाजूला धरतं आणि तुम्ही तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपता. नेहमीचा संच ४० कार्डांचा असतो, तुम्हाला ६३ कार्डांचा वाढीव संच छापावा लागेल. नेट लागतं, पण तुमच्या फोनच्या डेटावर काम भागतं. छापताना साधा जाड कागद घ्या आणि लॅमिनेशन करू नका, चकाकी आली की कॅमेरा कार्ड वाचत नाही. मुलांची बोटं काळ्या आकारावर आली किंवा मागे उघडी खिडकी असली तरी तेच. खिडकीकडे पाठ करून तुम्ही उभे राहा, म्हणजे उजेड कार्डांवर पडेल.

नावांऐवजी फक्त हजेरी क्रमांक भरा. १८ वर्षांखालच्यांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते असं २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा सांगतो, आणि छात्राध्यापक म्हणून तुम्ही त्या शाळेत पाहुणे आहात. मुख्याध्यापकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटोही अहवालात लावू नका.

कार्डापेक्षा प्रश्न कसा घातलाय हे जास्त मोलाचं. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक गैरसमजाचा असू द्या. वरच्या सर्किटच्या प्रश्नात एक पर्याय "पहिल्या दिव्यात जास्त", दुसरा "बॅटरीपासून दूरच्या दिव्यात शून्य", तिसरा "दोन्हीत सारखी, आधीइतकीच", चौथा बरोबर. तिसरा निवडणारी मुलं दिव्याने धारा संपते असं मानत नाहीत, पण रोध वाढला की धारा घटते हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. त्यांना वेगळं सांगावं लागतं. एका तासात असे दोनच प्रश्न पुरतात, एक मध्यात आणि एक शेवटी. मध्यातल्या प्रश्नाला निम्म्याहून कमी बरोबर आले तर पुढचा मुद्दा घेऊ नका, मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा.

नवशिकी_गणितविज्ञान

आणि फोनच्या डेटाला वर्गात रेंजच मिळाली नाही तर?

उत्तरपत्रिका

अ, ब, क, ड मोठ्या अक्षरांत, चार रंगांत छापून चार पट्ट्या प्रत्येकाला. सांगितल्यावर सगळ्यांनी एकदम छातीशी धरायच्या, डोक्यावर नाही, म्हणजे मागच्याला पुढच्याची दिसत नाही. रंगांमुळे ५२ पट्ट्या एका नजरेत वाचता येतात. नोंद हवी असेल तर तेवढा एक क्षण कागदावर रांगेप्रमाणे आकडे टिपा. पट्ट्या वर्गातच एका पेटीत ठेवा, घरी पाठवल्या की आठवड्यात निम्म्या हरवतात.